बोट उचललं की नाही?

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गेमला काचेवर बोट टेकल्याचं कळायला फार काही लागत नाही. टचस्टार्ट नावाची घटना येते, तिच्यासोबत बोटाची जागा आणि एक क्रमांक येतो, आणि काम सुरू होतं. कटकट असते ती बोट निघून जाण्याची. ते उचललं गेलं, सरकत कडेबाहेर गेलं, फोननंच मध्ये पडून काढून घेतलं, की अजून तिथंच आहे, हे ठरवण्यात माझा निम्मा कामाचा वेळ जातो.

धाराशिवात घरी बसून मी एका छोट्या गेम इंजिनाचा इनपुटचा भाग सांभाळते. इंजिन म्हणजे गेमच्या पोटातली यंत्रणा. चित्रं हलवणं, आवाज काढणं, कशाला काय धडकलं ते बघणं आणि खेळणाऱ्यानं काय केलं ते ओळखणं ही त्याची कामं. गेम लिहिणाऱ्याला ती दर वेळी नव्यानं करावी लागू नयेत, एवढाच हेतू. आम्ही मोजकेच जण आहोत, कुणी पुण्यात, कुणी सोलापुरात. गल्लीत मात्र माझी ओळख ‘मोबाईलवर गेम खेळायचा पगार घेणारी’ अशीच आहे, आणि ती खोडून काढायचा नाद मी सोडलाय.

प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी तालाचा एक गेम करायचा होता. पुण्याहून तबला सुचवला गेला. मी संबळ म्हटलं. तुळजापूर इथून तासाभराच्या आत आहे. आमच्याकडं लग्न झालं की गोंधळ घालतात, दिवटी पेटते, तुणतुण्याच्या जोडीला संबळ कडाडतो. त्यामुळं पोरांना तो सांगावा लागत नाही. गेमसाठीही सोयीचा, कारण जोडीनं बांधलेली दोन चर्मवाद्यं, एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा खर्जातला, दोन हातांत दोन काठ्या. पडद्यावर दोन गोल काढायचे आणि दोन आवाज भरायचे.

पण दोन गोल म्हणजे दोन बोटं. वेबवरच्या कितीतरी गोष्टी मुळात एका बोटाचा, म्हणजे खरं तर एका माउसचा, विचार करून झालेल्या आहेत. फेझर हे वेबवरचं नावाजलेलं गेम इंजिन, रिचर्ड डेव्ही यांनी २०१३ साली आणलेलं. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीतही सुरुवातीला माउसखेरीज एकच टच पॉइंटर तयार असतो. दुसरं बोट हवं असेल तर तसं सांगून मागून घ्यावं लागतं. यात चूक काही नाही. बहुतेक गेमना एक बोट पुरतं. संबळाला पुरत नाही.

पहिला नमुना घेऊन मी तुळजापुरात एका गोंधळी घरातल्या आबांकडं गेले. हयात संबळ वाजवण्यात गेलेली. त्यांनी फोन मांडीवर नीट बसवला आणि सरळ काठी काचेवर टेकवली. काहीच झालं नाही. पुन्हा टेकवली.

“वाजंना की गं माय.”

मग मला सांगावं लागलं. काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या वाहक रेघांची जाळी असते. माणसाचं बोट वीज वाहून नेतं, म्हणून ते जवळ आलं की त्या जागेचा विद्युतभार किंचित बदलतो. फोन ती जाळी सेकंदाला साठ, शंभर वेळा किंवा त्याहून जास्त तपासतो आणि बदल कुठं झाला ते शोधतो. लाकडाच्या काठीनं असा बदल होत नाही. आबांनी ऐकून घेतलं, काठी बाजूला ठेवली.

“मग बोटानंच बडवायचं म्हना की.”

आणि त्यांनी बडवलं. पहिले टोले सावकाश होते, सगळे वाजले. लय चढली तसे मधले टोले गळायला लागले. त्यांना ते लगेच कळलं. मला कळलं नव्हतं. “हितं एक मारला मी, त्यो कुठं गेला?” असं म्हणून ते तोच बोल परत वाजवून दाखवायचे, आणि दर वेळी वेगळाच टोला गहाळ व्हायचा. माझ्या महागड्या फोनवर हे कधीच दिसलं नव्हतं. त्यांच्या नातवाच्या फोनवर दर चार-पाच टोल्यांमागं एक जात होता.

घरी येऊन नोंदी काढल्या. त्यातल्या एका गहाळ टोल्याची नोंद अशी होती: डावा गोल, बोट खाली, ४१२० मिलिसेकंद, डावा गोल, बोट वर, ४१४६. म्हणजे बोट काचेवर जेमतेम २६ मिलिसेकंद होतं. तो फोन आमचा गेम सेकंदाला वीस चित्रं एवढ्याच वेगानं काढू शकत होता, म्हणजे दोन चित्रांमध्ये ५० मिलिसेकंदांचं अंतर. इंजिन प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला विचारायचं, ‘आत्ता डाव्या गोलावर बोट आहे का?’ आबांचं बोट दोन चित्रांच्या मधल्या फटीत येऊन गेलेलं होतं. ब्राउझरनं येणं आणि जाणं दोन्ही इमानदारीनं कळवलं होतं. पण आम्ही फक्त शेवटची अवस्था जपत होतो, आणि शेवटची अवस्था ‘बोट नाही’ अशी होती.

पुष्कळ इंजिनं कळफलक आणि माउससाठी याच पद्धतीनं चालतात, आणि साठ चित्रांच्या वेगाला ती खपून जाते, कारण तिथं फट सोळा-सतरा मिलिसेकंदांची असते. गोंधळ्याच्या हाताला आणि स्वस्त फोनला ती पुरत नाही. आम्ही घटना रांगेत ठेवायला लागलो. आलेली प्रत्येक घटना वेळेसकट रांगेत, आणि पुढच्या चित्राच्या वेळी सगळी रांग क्रमानं वाचायची, एकही न गाळता. शिवाय आवाजापुरतं चित्राची वाटच बघायची नाही. टचस्टार्ट आल्या क्षणी आवाज सोडायचा, चामडं हललेलं नंतर दिसलं तरी चालतं. डोळा तेवढा उशीर माफ करतो, कान करत नाही.

उशिराची दुसरी एक जुनी गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. सुरुवातीच्या स्मार्टफोनांवर मोठ्या संगणकासाठी केलेली पानं उघडायची, म्हणून दोनदा टिचकी मारून ती मोठी करायची सोय होती. ही पहिली टिचकी एकटीच आहे की पाठोपाठ दुसरी येणार आहे, हे कळावं म्हणून ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबायचा आणि मगच क्लिक कळवायचा. मोबाईलच्या रुंदीला बेतलेल्या पानांसाठी क्रोमनं २०१४ साली अँड्रॉइडवर हे थांबणं काढून टाकलं. पान तसं नसेल तर ते आजही परत येऊ शकतं. मिनिटाला १२० मात्रांची लय घेतली आणि मात्रेला दोन टोले धरले, तर दोन टोल्यांमध्ये २५० मिलिसेकंद असतात. म्हणजे क्लिकवर विसंबलेला संबळ पुढचा टोला पडून गेल्यावर मागचा आवाज देणार. म्हणून वाद्य कधीही क्लिकवर बांधायचं नाही. उलट, टचस्टार्टवर बांधलं आणि ब्राउझरचं नेहमीचं वागणं थोपवलं नाही, तर तो जुन्या पानांच्या सोयीसाठी मागाहून माउसच्या खोट्या घटना पाठवतो. इंजिन माउसचंही ऐकत असेल तर एकाच टोल्याचे दोन वाजतात. थोपवायला गेलं की तिसरीच गंमत. २०१७ च्या सुरुवातीपासून क्रोम संपूर्ण पानावर लावलेल्या टचच्या ऐकणाऱ्यांना थोपवण्याचा अधिकारच देत नाही, तो वेगळा मागावा लागतो. पानं सरकवताना अडखळू नयेत म्हणून केलेला हा बदल मला पटतो, जरी त्यानं त्या काळात पुष्कळ गेम बिघडवले.

हे सगळं सुरुवातीच्या बाजूचं, आणि ते एकदा निस्तरलं की निस्तरलं. शेवटाच्या बाजूचं तसं नाही.

लोहारा तालुक्यात, १९९३ च्या भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या एका गावातल्या शाळेत गेम द्यायचा ठरला. रुंद, सरळ रस्ते आणि मोकळं मैदान, अशी ती गावं लांबूनही ओळखू येतात. सरांनी स्वतःचा फोन आणि पालकांकडून मागून आणलेले दोन-तीन फोन मुलांना दिले. आठवड्याभरानं त्यांचा फोन आला.

“मॅडम, तुमच्या गेममधला डावा संबळ अडकून बसतोय. लाल होतो तो लालच राहतो. आणि दुसरं म्हणजे, माझ्या गॅलरीत तुमच्या गेमचे फोटो कोण काढतंय? शंभरएक झालेत.”

पहिली तक्रार मी आधी ऐकलेली होती आणि तिच्या मागं आठवडाभर लागूनही कारण हाती आलं नव्हतं. दुसरी तक्रार ऐकली तेव्हा पहिलीचं उत्तर तिच्यात असेल असं डोक्यातही आलं नाही. शाळेत गेल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. फोन एक आणि भोवती मुलं चार. प्रत्येकाला वाजवायचं होतं. तीन जणांची बोटं एकदम काचेवर यायची आणि घाईत खाली घसरायची. काही फोनांवर तीन बोटं खाली ओढली की पडद्याचा फोटो निघतो. फोनला तो इशारा वाटला की ती तिन्ही बोटं तो गेमकडून काढून घ्यायचा आणि गेमला टचएंड, म्हणजे बोट उचलल्याची घटना, न पाठवता टचकॅन्सल, म्हणजे बोट काढून घेतल्याची घटना, पाठवायचा. आमचं इंजिन टचएंडची वाट बघत बसायचं. ते येणारच नव्हतं. गोल लालच्या लाल.

टचकॅन्सल हा प्रकार मार्गदर्शक पुस्तिकांत एका ओळीत उरकलेला असतो, त्यामुळं तो क्वचित घडत असावा असा समज होतो. आमच्या भागातल्या फोनांवर तो दिवसभर घडतो. मधेच कुणाचा फोन येतो. वरून सूचनांचा पडदा ओढला जातो. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून कडेनं बोट आत सरकवलं की मागं जायचं, ही खूण आली, आणि आमचे दोन्ही गोल नेमके डाव्या-उजव्या कडेला होते. ब्राउझरला स्वतःला पान सरकवावंसं वाटलं तरी तो टचकॅन्सलच पाठवतो. म्हणून गोल कडेपासून आत घेतले, गेमचं चित्र जिथं निघतं त्या कॅनव्हासपुरतं ब्राउझरला ‘इथं सरकवणं, मोठं करणं काही करू नकोस’ असं सांगितलं. फक्त कॅनव्हासपुरतं. सगळ्या पानावरच मोठं करणं बंद करून टाकायची गेमवाल्यांना फार हौस असते. ती मला मान्य नाही. खालच्या सूचना वाचायला एखादी आजी दोन बोटांनी अक्षर मोठं करू पाहते, तिला आपण कशासाठी अडवायचं? ॲपलनं तर आयओएस १० पासून सफारीत पानांची ही बंदी मानायचंच सोडून दिलं.

टचएंडमध्येही फसायला जागा आहेत. ही घटना येते तेव्हा सोबत बोटांच्या याद्या असतात. ‘टचेस’ म्हणजे अजून काचेवर असलेली बोटं. उचललेलं बोट त्यात नसतं, ते ‘चेंज्ड टचेस’ या यादीत शोधायचं. नवा माणूस हमखास पहिल्या यादीत बघतो आणि दुसऱ्याच बोटाला उठवून बसतो. क्रमांकांवरही भरवसा ठेवायचा तो बेतानं. क्रोममध्ये सुटलेला क्रमांक नव्या बोटाला परत मिळतो, सफारीत मोठमोठे आकडे येतात. क्रमांक शून्य म्हणजे डावा हात असं धरून लिहिलेलं मी दुसऱ्यांच्या गेममध्ये पाहिलंय. एक बोट उचलून परत टेकवेपर्यंत ते चालतं.

सगळ्यात जास्त दमवलं ते एका बटणानं. पहिली पातळी संपली की पडद्यावरचं ‘पुढं चला’ हे बटण काढून त्या जागी नवं यायचं. बटण कॅनव्हासवर काढलेलं नव्हतं, ते पानाचा स्वतंत्र घटक होतं. कधीकधी बटण दाबल्यानंतर पुढच्या पातळीत एक बोट कायमचं टेकलेलं राहायचं. याचं कारण असं की टचची घटना ज्या घटकावर सुरू झाली, त्याचीच शेवटपर्यंत राहते. बोट कुठंही सरकलं तरी टचएंड त्या मूळ घटकाकडंच जातं. आणि आम्ही तो घटक बोट वर यायच्या आतच पानातून काढून टाकत होतो. टचएंड गेलं त्या काढलेल्या बटणाकडं. पानाशी त्याचा संबंध तुटल्यामुळं वर बसलेल्या इंजिनापर्यंत बातमी आलीच नाही. तेव्हापासून इंजिनात नियम आहे की ज्या घटकावर बोट आहे तो लपवायचा, काढायचा नाही. बोट सुटल्यावर काढायचा.

आता आमचं इंजिन बोटांचा हिशेब किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा ठेवतं. बोट टेकलं की त्याच्या क्रमांकावर खातं उघडतं, कोणत्या गोलावर आहे ते लिहिलं जातं, आणि खातं मिटवायच्या जितक्या वाटा आहेत तितक्या सगळ्या एकाच ठिकाणी येऊन मिळतात: टचएंड, टचकॅन्सल, पान नजरेआड जाणं, खिडकीवरचं लक्ष हटणं. शिवाय प्रत्येक नव्या टचस्टार्टच्या वेळी ब्राउझरची चालू बोटांची यादी वहीशी ताडून बघितली जाते. वहीत आहे आणि यादीत नाही, ते खातं तिथंच बंद. मिटवताना ‘उचललं’ आणि ‘हिसकावलं’ यांत मात्र फरक करतो. उचललं तर तो टोला पुरा झाला. हिसकावलं तर गोल मोकळा करायचा, पण त्याचे गुण द्यायचे नाहीत आणि कापायचेही नाहीत.

पॉइंटर इव्हेंट ही नवी पद्धत यातलं बरंच सोपं करते. माउस, पेन, बोट सगळ्यांना एकच भाषा, आणि प्रत्येक बोटाची घटना वेगळी येते, त्यामुळं याद्यांची भानगड नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं ती २०१५ मध्ये मानक म्हणून मान्य केली. सफारीत ती यायला २०१९ उजाडलं. बोट हिसकावलं जातंच, फक्त त्याला पॉइंटरकॅन्सल म्हणतात. आमच्याकडं दोन्ही वाटा ठेवल्यात, कारण इथं फोन एका माणसाचा नसतो. थोरल्याकडून धाकट्याकडं, तिथून आईकडं, आणि मग पोरांच्या खेळण्यात असा तो उतरत येतो, आतल्या जुन्या ब्राउझरसकट.

तपासणीसाठी फोन मी एका मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानातून तासाभरापुरते मागून घेते. दुकानदाराला माझं काम ‘टचचं’ आहे एवढं पक्कं माहीत आहे, कारण त्याच्याकडं येणारं निम्मं गिऱ्हाईकही ‘टच गेलाय’ म्हणतच येतं. नव्या कॉम्बोचा, म्हणजे काच आणि पडद्याच्या जोडीचा, भाव ऐकून बहुतेक लोक डुप्लिकेट टाकायला सांगतात. अशा एका डुप्लिकेट कॉम्बोवर तिसरं बोट टेकवलं की पहिलं सुटायचं. ब्राउझरच्या लेखी ते बोट नीट उचललेलं असायचं, त्यामुळं यावर प्रोग्राममध्ये इलाज नाही. आम्ही मुलांच्या गेममध्ये एका वेळी दोनच बोटं मोजायला लागलो.

कधीकधी बोट नसतानाही टच येतो. एका घरी संबळ आपोआप वाजतोय असं कळलं, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात थोडी भीतीही होती. देवीचं वाद्य ना. फोन स्वस्त चार्जरला लावलेला होता. अशा चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट जाळीच्या मोजणीत मिसळतो आणि फोनला नसलेली बोटं दिसतात. चार्जर काढला, संबळ थांबला. दुसऱ्या एका शाळेत सगळ्या वर्गाला ऐकू जावं म्हणून ब्लूटूथ स्पीकर जोडला होता. त्यात शे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. तिथं मी वायर घेऊन गेले.

आबांची सध्याची तक्रार निराळी आहे. हळू मारा, जोरात मारा, आवाज एकच. टचच्या माहितीत दाबाचा आकडा असतो, पण मी पाहिलेल्या बहुतेक फोनांवर तो कायम एकच येतो. बोटाच्या ठशाची त्रिज्या वापरून पाहिली. पण आबांच्या रुंद बोटाचा हलका टोला पोराच्या जोरदार टोल्यापेक्षा मोठा ठसा उमटवतो. शेवटी जागेवर आलो, कारण टोला कुठं पडला ते जवळजवळ प्रत्येक फोन नीट सांगतो. मध्याजवळ पडला तर भरीव आवाज, कडेला पडला तर कोरडा. त्यासाठी आबांच्या संबळाचे कडेचे टोले ध्वनिमुद्रित केले, खिडक्यांना गोधड्या लावून. त्यांनी ते फोनवर ऐकले आणि नापास केले; चामडं त्या दिवशी नीट ताणलेलं नव्हतं म्हणे. मंगळवार देवीचा वार, त्या दिवशी त्यांना उसंत नसते, म्हणून बुधवारी परत ध्वनिमुद्रण ठेवलंय.